चुन्याखाली झाकलेली चित्रं: फ्रान्समधल्या विक गावच्या चर्चची गोष्ट

फ्रेंच नावं ऐकताना पटकन डोक्यात बसत नाहीत, म्हणून हा एपिसोड लेखी स्वरूपातही देतोय. हेडफोन नसेल तर सरळ वाचून काढा.

फ्रान्स म्हटलं की आपल्याला पॅरिसचं नोत्र दाम आठवतं. आज मात्र आपण फ्रान्सच्या अगदी मध्यावर, बेरी नावाच्या शेतीवाडीच्या भागात जाणार आहोत. तिथे विक नावाचं छोटं गाव आहे आणि गावात सेंट मार्टिनचं चर्च. बाहेरून बघाल तर एकदम साधं. उंच मनोरे नाहीत, फारसं कोरीवकामही नाही. गाडीतून जाताना कदाचित लक्षही जाणार नाही.

पण आत गेलात की भिंतीच बोलायला लागतात. बाराव्या शतकातली चित्रं! येशूचा जेरुसलेममध्ये प्रवेश, शेवटचं भोजन, शिष्यांचे पाय धुणारा येशू, दगा देणाऱ्या जुडासचं चुंबन. लाल आणि पिवळ्या मातीचे रंग, लांबोडकी माणसं, मोठे डोळे. बहुतेक गावकऱ्यांना तेव्हा वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी ही भिंतच पुस्तक होती.

माझं सगळ्यात आवडतं चित्र मात्र चोरीचं आहे. हो, चोरीचं! संत मार्टिन गेले तेव्हा त्यांचा देह कोणाचा यावरून प्वातिए आणि तूर या दोन गावांच्या लोकांत वाद झाला, अशी जुनी कथा आहे. रात्री प्वातिएवाले झोपले आणि तूरवाल्यांनी देह खिडकीतून बाहेर काढून पळवला. संताच्या नावाच्या चर्चमध्येच हा प्रसंग रंगवलाय!

आता प्रश्न असा, की ही चित्रं इतकी शतकं टिकली कशी?

उत्तर आहे चुना. पुढच्या काळात कधीतरी भिंतींवर चुन्याचे हात मारले गेले आणि चित्रं दिसेनाशी झाली. आपण म्हणू, अरेरे, वाट लावली! पण त्याच चुन्याने ती झाकून ठेवली, म्हणजे एका अर्थाने सांभाळलीसुद्धा. १८४९ मध्ये तिथल्या पाद्रींना त्या थराखाली रंग दिसले आणि हळूहळू चित्रं उघडी पडली.

नुसती सापडून उपयोग नव्हता, ती वाचवायलाही हवी होती. इथे आपल्या गोष्टीत येते जॉर्ज सँड. पुरुषाचं नाव घेऊन लिहिणारी ही गाजलेली लेखिका शेजारच्याच नोआँ गावात राहायची. संगीतकार शोपाँ कित्येक उन्हाळे तिच्याच घरी राहिला होता. तिने ही बातमी प्रॉस्पेर मेरिमेपर्यंत पोचवली. मेरिमे म्हणजे ‘कार्मेन’ कथेचा लेखक, पण त्याची सरकारी नोकरी होती ऐतिहासिक स्मारकांच्या मुख्य निरीक्षकाची. १८५० मध्ये चर्चला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. शोध लागल्यापासून जेमतेम एका वर्षात!

विकचं नशीब चांगलं, कारण शेजारी जॉर्ज सँड होती. बाकीच्या गावांचं काय?

इथे थोडा इतिहास समजून घेऊ. १७८९ च्या क्रांतीत चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. १९०५ मध्ये कायद्याने सरकार आणि धर्म वेगळे झाले. त्यानंतर झालं असं, की त्याआधी बांधलेली बहुतेक गावची चर्च ‘कोम्यून’च्या, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या मालकीची राहिली. प्रार्थनेसाठी वापर भाविकांचा, पण इमारत गावाची. छप्पर गळलं की बघायचं कोणी? महापौरांनी!

फ्रान्समध्ये अशी गावची चर्च हजारोंनी आहेत. काही कोम्यूनमध्ये दोन-चारशे माणसं राहतात. पाद्रीही कमी, एकेकाकडे कित्येक गावं. मग गावच्या सभेत प्रश्न येतो: पैसे रस्त्याला द्यायचे, शाळेला, की महिन्यातून एखाद्याच वेळी उघडणाऱ्या इमारतीला? संरक्षित स्मारक असेल तर सरकारी मदत मिळते. नसेल तर अवघड. म्हणून २०१८ पासून वारसा वाचवायला खास लॉटरी सुरू झाली. तिकिटाच्या पैशातला एक भाग जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला जातो.

मला वाटतं, खरा मुद्दा धर्माचा नाहीच. त्या गावांत अनेकदा चर्च हीच सगळ्यात जुनी इमारत असते. देवावर विश्वास नसलेला माणूसही त्याच घंटेच्या आवाजात मोठा झालेला असतो. छप्पर पडलं की पाणी भिंतीत मुरतं, गिलावा सुटतो, आणि त्याखाली काही असेल तर तेही जातं. कोणी बघायच्या आतच. विकमध्ये चुना खरवडल्यावर काय निघालं, ते आपण पाहिलं. बाकीच्या किती भिंतींमागे काय आहे, हे त्या उभ्या राहिल्या तरच कळणार.

तुमच्या मते, गावाने पैसे कुठे द्यावेत? रस्त्याला की छपराला? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!