मुक्यांचे डॉक्टर

रत्नागिरीत पाऊस लागला की कुत्र्यांच्या कानांत गोचिडी दिसू लागतात. त्यांच्यामुळे येणारा ताप रक्त तपासल्यावाचून खात्रीने ओळखता येत नाही. आमच्या मोत्याने अन्न सोडले, तेव्हा एका दवाखान्यात न तपासताच इंजेक्शन टोचले. पुन्हा गेलो, तर डॉक्टर अडलेल्या गाईला सोडवायला खेड्यात गेलेले. रागावणार कोणावर? सरकारी व्यवस्था मुळात गुराढोरांसाठी उभारलेली. बँकेत असताना मीही म्हशींसाठीच कर्जे मंजूर केली. मुंबईत परळला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ते तीनशे किलोमीटरांहून दूर. मोत्या तेवढा थांबला नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक सूक्ष्मदर्शक आणि त्यात डोकावणारा माणूस रोज असावा, हे मागणे फार मोठे नाही.