चीनच्या पुराणकथा आणि आपले उज्जैन



आपल्यापैकी अनेकांच्या घरी शोकेसमध्ये पोट सुटलेला 'लाफिंग बुद्धा' असतो. पुष्कळजण त्याला गौतम बुद्ध समजतात. खरे तर तो बूदाय नावाचा चिनी भिक्षू. तो दहाव्या शतकात होऊन गेला असे सांगतात, आणि चिनी लोक त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानतात. घरात ठेवलेल्या मूर्तीची एवढी तरी माहिती असावी, म्हणून ह्या अंकात आम्ही चीनच्या पुराणकथांची ओळख करून देत आहोत.

ह्या कथांची मुळे चार आहेत. पहिले मूळ जुन्या लोकश्रद्धेचे. आरंभी सारे विश्व एका अंड्यात होते. त्यात पान-कू १८,००० वर्षे वाढला. तो मेल्यावर त्याच्या श्वासाचा वारा झाला आणि डोळ्यांचे सूर्य-चंद्र झाले. हे वाचून आपल्याला हिरण्यगर्भ आणि पुरुषसूक्त आठवते. दुसरी कथा यू राजाची. त्याच्या वडिलांनी बांध घालून महापूर अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. यूने कालवे खोदून पाणी समुद्राकडे वळवले. ह्या कामात तेरा वर्षे गेली. तीन वेळा तो स्वतःच्या दारावरून गेला, पण घरात शिरला नाही.

दुसरे मूळ कन्फ्यूशियसचे (इ.स.पूर्व ५५१ ते ४७९). त्याने देवांविषयी थोडे आणि आईवडील, गुरू, पूर्वज व कर्तव्य यांविषयी फार सांगितले. आपण पितृपक्ष पाळतो, तसे चिनी लोक एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांची थडगी झाडून तेथे नैवेद्य ठेवतात.

तिसरे मूळ ताओ मताचे. लाओत्से हे त्याचे आद्य गुरू. पाण्यासारखे नम्र राहावे, निसर्गाच्या ओघाविरुद्ध जाऊ नये, ही त्याची शिकवण. पुढे ह्याच परंपरेत स्वर्गातला जेड सम्राट आला. त्याचा दरबार अगदी सरकारी कचेरीसारखा आहे, दर्जावार अधिकारी आणि हिशेबाच्या वह्या असलेला.

चौथे मूळ भारतातून गेले. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला. आपला यम तेथे यान-लुओ झाला. अवलोकितेश्वर, ज्याच्या मूर्ती अजिंठा-वेरूळला आहेत, तेथे हळूहळू क्वान-यिन ही दयाळू देवी झाला. 'नाग' ह्या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी ड्रॅगनचाच शब्द योजला. चिनी ड्रॅगन दुष्ट नसतो, तो पाऊस आणतो. सांचीच्या तोरणांवर स्तूपाची पूजा करणारे नाग कोरलेले आहेत, ते त्याचे नातेवाईकच म्हणायचे.

हे सारे नेले कोणी? त्यांतले एक आपल्या जवळचेच. भिक्षू परमार्थ, जन्म इ.स. ४९९, गाव उज्जैन. ५४६ मध्ये ते समुद्रमार्गे चीनला पोहोचले. तेथे बंडाळी माजली. गावोगाव भटकत ते भाषांतर करीत राहिले. एकदा मायदेशी यायला निघाले, पण वाऱ्याने जहाज परत चीनच्याच किनाऱ्याला लावले. ५६९ मध्ये ते तेथेच वारले.

त्यांचे काम मात्र वाया गेले नाही. पुढच्या शतकात ह्युएन-त्संग (हिंदी पुस्तकांतला ह्वेनसांग) तरुणपणी परमार्थांचे भाषांतर शिकला. आचार्य निरनिराळे अर्थ सांगत, म्हणून मूळ पोथ्या पाहायला तो भारतात आला. इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रातही आला. तेथील लोक स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला.

सुमारे साडेनऊशे वर्षांनी ह्याच प्रवासावर एक मोठी कादंबरी झाली. तिच्यात भिक्षूचा सोबती आहे दगडातून जन्मलेला वानर, सुन वू-खोंग. तो जेड सम्राटाच्या दरबारात धुमाकूळ घालतो, बुद्ध त्याला पाचशे वर्षे डोंगराखाली दाबून ठेवतो, क्वान-यिनच्या कृपेने सुटल्यावर तो गुरूची सेवा करतो. एकाच कथेत चारही मुळे दिसतात. हा वानर आपल्या हनुमंतावरून घेतला का, ह्यावर विद्वानांत वाद आहे.

काही पालक म्हणतील, १९६२ आणि २०२० नंतर चीनच्या कथा मुलांना कशाला? सीमेवरचे दुःख खरेच आहे, ते विसरायला आम्ही सांगत नाही. पण शेजाऱ्याला न ओळखता त्याच्याशी मैत्री करता येत नाही, तसेच त्याच्यापासून सावधही राहता येत नाही. शिवाय ह्या कथांतला एक धागा उज्जैनहून गेला आहे. तो आपणच तोडावा, हे आम्हाला पटत नाही. आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भोपाळात राहून गणपती बसवतात आणि सकाळी पोहे-जलेबीही खातात. दूर गेलेली गोष्ट बदलते, तरी आपली राहते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

विद्यार्थ्यांनो, सांचीला जाल तेव्हा तोरणांवरचे नाग शोधा, त्यांचे चित्र काढा आणि घरी आजीला नागपंचमीची कहाणी विचारा. दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लिहा. चांगल्या वह्या पुढील अंकात अवश्य छापू.