फाईल बदलली, तरी साइटवर जुनाच आकडा का दिसतो?

ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलंय आणि डेव्हलपर म्हणतोय, "जावामध्ये, स्प्रिंग बूटवर करू." चालेल की! कोड तुम्हाला लिहायचा नाही. पण सेटिंग कुठे राहतं ते समजून घ्या, कारण चुकीच्या सेटिंगचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

समजा, तुम्ही हेमलकशातून बांबूच्या वस्तू विकताय. एरवी पार्सल ७ दिवसांत पोचतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, नाले भरतात, आलापल्लीकडचा रस्ता बंद पडू शकतो. तेव्हा साइटवर १५ दिवस दिसायला हवेत. नाहीतर ग्राहक आठव्या दिवशी पैसे परत मागणार!

हा ७ कोडमध्येच लिहिला असेल, तर तो बदलायला अख्खं ॲप्लिकेशन पुन्हा तयार करून सर्व्हरवर चढवावं लागतं. रेंज जेमतेम असताना हे कोण करणार? म्हणून कोडमध्ये फक्त नाव ठेवतात, 'डिलिव्हरी डॉट डेज'. आकडा राहतो 'ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज' या साध्या फाईलमध्ये. ॲप्लिकेशन सुरू होताना नावाच्या जागी आकडा भरला जातो. म्हणून ओळ बदलल्यावर रीस्टार्ट करायचंच.

आता खरी गोम. तोच आकडा अनेक ठिकाणी असू शकतो आणि खालच्या यादीत जो पुढे, तो जिंकतो:

१. सुरू करतानाच्या कमांडमध्ये दिलेला
२. सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला
३. ॲप्लिकेशनच्या बाहेर ठेवलेल्या फाईलमधला
४. ॲप्लिकेशनच्या आत बांधलेल्या फाईलमधला
५. कोडमध्ये दिलेला राखीव आकडा

म्हणजे तुम्ही फाईलमध्ये १५ केलं, पण कुणीतरी सर्व्हरवर 'डिलिव्हरी अंडरस्कोर डेज' या नावाने ७ लावून ठेवलाय, तर साइट ७ च दाखवणार. फाईल बरोबर, रीस्टार्ट बरोबर, तरी आकडा जुना! अशा वेळी यादी वरून खाली तपासत या.

राखीव आकडा कुठे द्यायचा, हेही ठरवा. डिलिव्हरीच्या दिवसांना द्या. पेमेंट गेटवेच्या गुप्त कीला मात्र अजिबात देऊ नका. की सापडली नाही, तर ॲप्लिकेशन सुरूच होणार नाही, आणि ते बरंच आहे. चुकीच्या कीवर दुकान उघडण्यापेक्षा बंद राहिलेलं परवडलं. ही की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच ठेवा, कोडच्या फाईलींत नको.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, आठवतंय ना? दर कोडमध्ये अडकवून ठेवला असेल, तर अशा दिवशी बिलं चुकतात.

म्हणून डेव्हलपरला ॲडव्हान्स देण्याआधी तीन प्रश्न विचारा:
- वारंवार बदलणारे आकडे कोडबाहेर आहेत का?
- एकच आकडा किती ठिकाणी आहे?
- गुप्त की कुठे ठेवली आहे?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. उद्या डेव्हलपर बदलला, तरी दुकान तुमच्या हातात राहील.