प्रतिमा-जुळणी, सुदूर संवेदनातील
निरनिराळ्या संवेदकांनी किंवा निरनिराळ्या वेळी घेतलेल्या एकाच भूभागाच्या प्रतिमा परस्परांवर अशा रीतीने बसविणे की, जमिनीवरील प्रत्येक बिंदू त्या सर्वांत एकाच जागी यावा, या क्रियेस प्रतिमा-जुळणी म्हणतात. पूर्वी रस्त्यांचे चौक, पूल, धरणाच्या भिंतीची टोके अशी ठिकाणे दोन्ही प्रतिमांत डोळ्यांनी हुडकून हे काम करीत. प्रतिमांची संख्या अफाट वाढल्याने ते आता बहुतांशी संगणकाकडे सोपविले जाते.

दोन्ही प्रतिमा एकाच प्रकारच्या असल्यास त्यांच्या उजळपणाचा सहसंबंध काढला की भागते. संवेदक भिन्न असले की हा आधार सुटतो. प्रकाशीय संवेदक परावर्तित सूर्यप्रकाश नोंदवितो, तर रडार स्वतः सोडलेल्या सूक्ष्मतरंगांचा प्रतिध्वनी नोंदविते. त्यामुळे पुराचे गढूळ, संथ पाणी पहिल्यात पुष्कळदा उजळ, तर दुसऱ्यात जवळजवळ काळे दिसते. यावर ‘परस्पर माहिती’ हे माप उपयोगी पडते. वैद्यकीय प्रतिमांसाठी ते १९९५ च्या सुमारास पुढे आले. दोन ठिकाणांचा उजळपणा समान आहे का, असे ते पाहत नाही. एका प्रतिमेतील मूल्य कळल्याने दुसरीतील मूल्याविषयीची अनिश्चितता किती घटते, एवढेच ते मोजते. दुसऱ्या रीतीत कोपरे व कडा यांसारखी लक्षणे शोधून त्यांच्या जोड्या लावतात. रडार प्रतिमेतील ठिपक्यांच्या गोंगाटामुळे पुष्कळ जोड्या खोट्या निघतात. उर्वरित जोड्यांशी मेळ न खाणाऱ्या जोड्या गाळण्याची पद्धत फिशलर व बोल्झ यांनी १९८१ मध्ये दिली. अलीकडे हे काम चेतासदृश जालांकडूनही करून घेतात.

तथापि खरी अडचण भूमितीची आहे. पुण्यातील बिबवेवाडीसारख्या, टेकडीच्या उतारावर व पायथ्याशी दाट वसलेल्या भागात ती विशेष जाणवते. इमारतीचा माथा रडारला पायापेक्षा जवळ असतो. त्याचा प्रतिध्वनी आधी पोहोचतो आणि प्रतिमेत माथा उपग्रहाच्या बाजूस सरकतो. प्रकाशीय प्रतिमेत तो उलट दिशेस कलतो. आपतन कोन ३५° असता ३० मी. उंच इमारतीचा माथा रडार प्रतिमेत सुमारे ४३ मी. सरकेल, प्रकाशीय संवेदक १०° कललेला असता सुमारे ५ मी. १०० मी. उंच टेकडीसाठी रडारमधील सरक १४० मी.हून अधिक होते. सबंध प्रतिमा फिरवून वा ताणून हा दोष जात नाही; उंचीचे अंकीय प्रतिमान घेऊन तो आधी काढावा लागतो. त्या प्रतिमानात इमारती सहसा नसतात, म्हणून टेकड्यांची दुरुस्ती होते आणि इमारतींची राहून जाते.

बिबवेवाडीच्या पश्चिमेकडून, कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर येऊन काठच्या वस्त्यांत प्राणहानी झाली. असा पूर काही तासांत ओसरतो. उपग्रह नेमका त्या वेळी माथ्यावर असणे हा योगायोगच. म्हणून आधीच्या व नंतरच्या प्रतिमांत पडलेल्या भिंती, साचलेला गाळ आणि बदललेले पात्र शोधावे लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर व सांगली भागांत पाणी दूरवर पसरून अनेक दिवस राहिले होते. तेथे १० मी.ची चूक नकाशात फारशी खुपत नाही. ओढ्याकाठी मात्र तेवढ्या चुकीने एखादे घर पूररेषेच्या आतून बाहेर जाते. याकरिता जुळणीच्या गणनेत न वापरलेले काही बिंदू राखून, टेकडीवर आणि ओढ्याकाठी स्वतंत्रपणे, चूक मीटरमध्ये मोजतात. सबंध प्रतिमेची एकच सरासरी येथे फसवी ठरते.