तापाची वही

आणंदकडे जाणारी लोकल बडोदं सोडते, बाजवा आणि रनोली मागे पडतात, आणि नंदेसरी यायच्या आधीच नंदेसरीचा वास येतो. नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो, रोजचे प्रवासी तेवढेही कष्ट घेत नाहीत. अशा गावात मुलाला ताप भरला आणि पायांवर जांभळट चट्टे उठले, की घरातलं पहिलं बोट कारखान्याच्या धुराड्याकडे वळणार. त्यात काही गैरही नाही.

पण एखादा ताप दर महिना-दीड महिन्याने येतो, चार-आठ दिवस मुक्काम करतो, प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि आपला आपण उतरतो. सुट्टीत आजोळी नेलं तरी तो मागोमाग येतोच. रक्तात दाह दाखवणारे सीआरपी आणि ईएसआर चढलेले असतात, जंतू मात्र कशातच सापडत नाही. अशा वेळी जाणता डॉक्टर आईला एक वही घालायला सांगतो. ताप कोणत्या तारखेला आला, किती चढला, अंगावर काय उठलं, पोट किंवा सांधे दुखले का, शाळा किती दिवस बुडली, सगळं त्यात लिहायचं. चार-सहा महिन्यांची अशी वही कधी कधी महागड्या स्कॅनपेक्षा जास्त सांगून जाते. ती नीट वाचली, की धुराडं सोडून घराण्याकडे बघायची वेळ येते.

असे ताप अनेकदा वारशाने येतात. यात शरीर स्वतःविरुद्ध अँटिबॉडी तयार करत नाही, म्हणून ल्युपससारख्या आजारांपेक्षा ही जात वेगळी. इथे बिघाड असतो जन्मजात प्रतिकारशक्तीत, म्हणजे शिकवणीशिवाय काम करणाऱ्या पहिल्या पहारेकऱ्यांत. चोर नसताना ते शिट्ट्या फुंकू लागतात. त्या शिट्ट्या म्हणजे इंटरल्यूकिन-1 आणि टीएनएफ यांसारखी प्रथिनं. ती मेंदूतल्या तापमान-नियंत्रकाला भिडतात आणि ताप चढतो. या आजारांना ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ हे नाव 1999 साली मिळालं.

यातला सर्वांत जुना ओळखीचा आजार भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांचा, फॅमिलियल मेडिटरेनियन फीवर किंवा एफएमएफ. त्याचं जनुक 1997 साली सापडलं, पण औषध त्याच्या पंचवीस वर्षं आधीच, 1972 मध्ये हाती आलं होतं. ते म्हणजे कोल्चिसिन. हेच रसायन आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या बियांत आणि कंदात असतं. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं, आणि कंद इतका विषारी की जाणते लोक त्याला हातही लावू देत नाहीत.

भारतात गेल्या काही वर्षांत डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते मात्र दुसऱ्याच एका आजाराने. त्याचं लघुनाव ‘डाडा-2’. वॉर्डात सगळे सरळ ‘दादा-टू’ म्हणतात. एडीए-2 नावाचं विकर शरीरात तयारच होत नाही, किंवा अगदी नावापुरतं होतं. मग पांढऱ्या पेशींचा एक गट भडकून टीएनएफ ओतत राहतो आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर सोलपटून निघतं. ताप येतो, कातडीवर जाळीसारखी नक्षी उमटते. आणि सर्वांत वाईट म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाला अर्धांगाचा झटका येऊ शकतो.

या आजारामागचं जनुक 2014 साली ओळखलं गेलं. चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने 2021 मध्ये भारतातल्या 33 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात अगरवाल समाजातली कुटुंबं ठळकपणे दिसली, आणि त्यांच्यात एकच विशिष्ट जनुकीय बदल वारंवार आढळला. समाजाला बोल लावण्याचं कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच सोयरीक केली की असं कोणाच्याही बाबतीत घडतं. आई आणि वडील दोघंही धडधाकट, पण दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

अचूक नाव का हवं, ते इथे कळतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन देणं ही सर्वसाधारण रीत. डाडा-2 मध्ये मात्र मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असल्याने ते शक्यतो टाळतात. स्टेरॉइड आग विझवतं, पण डोस उतरवला की ती पुन्हा धुमसते. खरा उपाय टीएनएफ अडवणारी जैविक औषधं, म्हणजे अडालिमुमॅब किंवा इटानरसेप्ट. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये 15 रुग्णांचा अनुभव मांडला. एरवी वारंवार झटके येणाऱ्या या रुग्णांना हे औषध सुरू केल्यापासून एकही झटका आला नव्हता. वैद्यकात इतका स्वच्छ शून्य क्वचित बघायला मिळतो.

‘जैविक’ म्हणजे काय, हे समजायला नंदेसरीइतकी चांगली जागा नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत सोडियम नायट्राइट तयार होतं. त्याच्या एका घटकात अणू चार. कळलावीतल्या कोल्चिसिनच्या रेणूत अणू 54. आणि अडालिमुमॅबच्या एका रेणूत वीस हजारांवर! एवढा रेणू कोणत्याही रिॲक्टरमध्ये रसायनं ढवळून जुळवता येत नाही. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून आलेल्या पेशी पोलादी टाक्यांत पोसायच्या आणि त्यांच्याकडून तो विणून घ्यायचा. बडोद्यात 1907 साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी ॲलेम्बिक कंपनी उभी केली, तेव्हा नाव घेतलं होतं ऊर्ध्वपातनाच्या पात्राचं. त्या पात्रापासून या टाकीपर्यंतचा प्रवास गुजरातने शंभर वर्षांत केला. डिसेंबर 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडसने अडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती बाजारात आणली, अमेरिकेतल्या किमतीच्या जवळजवळ एक पंचमांशात. तरीही ते स्वस्त नव्हतंच, पण निदान आवाक्याच्या भाषेत बोलता येऊ लागलं.

इंटरल्यूकिन-1 अडवणारी अनाकिन्रा आणि कॅनाकिनुमॅब ही औषधं ज्यांना हवीत त्यांचं नशीब इतकं चांगलं नाही. ती सहज मिळत नाहीत ही आपल्या बालरोगतज्ज्ञांची जुनी तक्रार आहे. कॅनाकिनुमॅबला अमेरिकेत 2009 मध्येच मान्यता मिळाली होती. म्हणजे कोणतं जनुक बिघडलं यावर आजार ठरतो, आणि शेजारी कोणता कारखाना आहे यावर बरेचदा इलाज. मला हे खटकतं.

टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची चाचणी करावीच लागते. टीएनएफ हाच शरीरातल्या झोपलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवणारा पहारेकरी, आणि आपल्या देशात असे झोपलेले जंतू घरोघरी. छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्तचाचणी झाल्यावरच पहिली सुई. मग घरचा फ्रिज दवाखान्याचा भाग होतो. भरलेली सिरिंज 2 ते 8 अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्याला चिकटू द्यायची नाही. एकदा गोठली की ती टाकून द्यायची. प्रवासात बर्फाच्या पिशवीभोवती रुमाल गुंडाळायचा. द्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची, हलवायची नाही. मांडीची चिमूट धरायची, तिरकी सुई टोचायची, सावकाश दाबायचं. दर पंधरा दिवसांनी हेच. आया हे लवकर शिकतात, बापांचे हात मात्र पहिल्या महिन्यात थरथरतात.

ताप थांबला तरी डॉक्टर वही बंद करू देत नाहीत. आणि ज्याला कधीच ताप आला नाही त्या धाकट्या भावंडाचंही रक्त मागतात. डाडा-2चं पहिलं लक्षण ताप असेलच असं नाही, ते थेट झटकाही असू शकतं.