विश्लेषण : घरी बंद पडणारा संगणक दुकानात कसा चालतो?

बार्शीटाकळीतल्या एखाद्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास काम सुरू असताना संगणक एकाएकी बंद होतो. पडद्यावर ना सूचना, ना कसला आवाज. कॅबिनेट उचलून अकोल्याला न्यावे, तर दुकानात तो दोन तास विनातक्रार चालतो. ‘काही बिघाड नाही’ असे ऐकून परत आणला की दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. मग विंडोज नव्याने टाकले जाते, एसएमपीएस बदलला जातो, मदरबोर्डवर शंका घेतली जाते. प्रवेश आणि भरतीचे अर्ज भरण्याचे दिवस असतील तर पैशांपेक्षा मुदत चुकण्याची धास्ती मोठी. अशा वेळी आधी पाहायला हवा तो घर आणि दुकान यांतला फरक. दुकानात एसी असतो आणि वीज बहुधा चांगल्या यूपीएसमधून येते. घरी यातले काहीच नसते.

उन्हाचा संबंध कसा?

अकोल्याचे ऊन नवे नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेल्यानंतर जिल्हा प्रशासनाने कलम १४४ अन्वये आदेश काढून खासगी शिकवण्यांच्या वेळाही बदलायला लावल्या होत्या. संगणकाला मात्र वेळ बदलून देणारे कोणी नसते.

प्रोसेसरवरचा पंखा हवा थंड करत नाही. खोलीतलीच हवा तो धातूच्या पात्यांवरून (हीटसिंक) फिरवतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. कामाच्या भारात तो खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम राहतो असे धरले, तर २५ अंशांच्या दुकानात ७० अंश भरतील आणि ४२ अंशांच्या खोलीत ८७. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. त्या मर्यादेजवळ प्रोसेसर आधी वेग कमी करतो, म्हणजे संगणक ‘हँग’ झाल्यासारखा वाटतो. तरीही तापमान वाढतच गेले तर जळण्याआधी वीज तोडली जाते. हे बंद पडणे बिघाड नसून बचाव असतो.

४२ आणि १०० यांतले उरलेले अंतर धूळ खाऊन टाकते. वऱ्हाडातली धूळही साधी नाही. कापूस साठवलेल्या घरात रुईचे तंतू, सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत कुटाराचा भुसा. हीटसिंकच्या पात्यांत त्याची नमद्यासारखी थर-घडी बसते आणि पंखा फिरत असूनही हवा पलीकडे जात नाही. शिवाय प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट काही वर्षांत वाळून जाते.

दोष उष्णतेचा की विजेचा?

यासाठी एक सोपी चाचणी आहे. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ हे बटन दाबून बायोसमध्ये जायचे. तिथे विंडोज चालत नसते आणि बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरचे तापमान दिसते. ऐन दुपारी अर्धा तास तो पडदा उघडा ठेवावा. आकडा चढत जाऊन संगणक बंद पडला, तर विंडोज नव्याने टाकून उपयोग नाही. आकडा स्थिर असताना बंद पडला, तर संशय विजेवर. इथे टिकला आणि जड काम सुरू करताच पडला, तर कमकुवत एसएमपीएसही असू शकतो. कारण बायोसमध्ये भार कमी असतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते. ती पाहून घाबरू नये आणि कोणी तिच्या आधारावर सुटा भाग विकू लागला तर घेऊही नये. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर अपडेटने किंवा घरातल्याच कोणीतरी तो रीतसर बंद किंवा रीस्टार्ट केलेला असतो.

इन्व्हर्टर असूनही बंद का?

वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःतल्या साठ्यावर साधारण १५ ते २० मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्या वेळात इन्व्हर्टरने भार उचलला नाही तर संगणक पडणारच. अनेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असा खटका असतो. पंखे-दिव्यांसाठी तो ‘नॉर्मल’वर ठेवलेला असतो आणि तिथे बदल संथ होतो. खटका ‘यूपीएस’वर नेला की तक्रार थांबू शकते. पण याचीही एक बाजू आहे: या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज पडणाऱ्या भागात वीज असूनही बॅटरी संपत राहते. छोट्या यूपीएसची बॅटरी तर दोन-तीन वर्षांतच दम तोडते, उन्हात त्याहूनही लवकर. दिवा हिरवा असला तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. फाइल जतन करून, यूपीएसचा प्लग काढून पाहिला की खरे कळते.

कूलरबद्दलही सांगायला हवे. त्याने खोली थंड होते ते चांगलेच, पण ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील, तर कूलरची मोटर सुरू होताना बसणारा झटकाही कारण ठरतो.

घरी काय करता येईल?

प्लग काढून, पॉवर बटन काही सेकंद दाबून धरावे. मगच कॅबिनेट उघडावे. पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने पात्यांमधली धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंखा मोकळा फिरू देऊ नये. मदरबोर्डवरच्या नळकांडी कॅपॅसिटरची टोपी फुगलेली दिसली तर काम कारागिराचे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्यात जिवावर बेतेल इतका दाब काही काळ उरतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा ते तुटले आहे, असे समजून आधी वायरमनला बोलवावे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, त्यात पाणी घालावे लागते.

एवढे करूनही अकोल्याची फेरी टळली नाही, तर कॅबिनेटसोबत एक कागद न्यावा: कोणत्या वेळी बंद पडला, तेव्हा काय सुरू होते, कूलर चालू होता का, घरातले दिवे मिचकले का, लगेच पुन्हा सुरू झाला की दहा मिनिटांनी. दहा मिनिटांनी सुरू होत असेल, तर कारागीर आधी हीटसिंक काढून पाहील.