टेबलटॉप खेळांचे लेखक व्हायचंय?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळांसाठी फ्रीलान्स लिहायचंय? मग आधी सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहायला लागा. जस्टिन अलेक्झांडर यांनी 'द अलेक्झांड्रियन' या आपल्या ब्लॉगवर वर्षानुवर्षं खेळ चालवण्याचं तंत्र फुकट समजावलं. २०२३ मध्ये त्यांचं गेममास्टरांसाठीचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांसाठीचं, जाडजूड पुस्तक आलं. 'स्लाय फ्लरिश' या वेबसाइटवाले माइक शे यांचीही वाट तीच, त्यांची पुस्तकं तर किकस्टार्टरवर वाचकांनी उचलून धरली.

पण नुसती मतं मांडून काम मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. संपादकाला नमुना हवा असतो: एखादा राक्षस, एखादी गुहा, आजच रात्री खेळायला घेता येईल असा प्रसंग. मोबदला बहुधा शब्दसंख्येवर ठरतो, म्हणून ठरलेल्या शब्दांत आणि वेळेत लिहून देणाऱ्यालाच पुन्हा बोलावणं येतं.